शाई चालते तेव्हा

पहिल्याच दिवशी गुडनीबाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.
"रेघ पेन्सिलीनं. शिसं पाण्याला भुलत नाही.
पेननं मारलीस तर रेघच उठून चालू लागेल,
मग कोण कुठून निघालं, हे सांगायचं कुणी?"

क्रिस्तियानसुंद, औषधांच्या दुकानामागची खोली.
खिडकीबाहेर खडकांवर वाळत घातलेला कॉड,
आत हेरिंगची धुतलेली बरणी,
तळाशी बोटभर पाणी आणि स्पिरिट.
बरणीचा वास काही केल्या जात नव्हता.

टेबलावर गोदीची नोंदवही.
"सिल्डा. पंप तपासला."
आणि त्याच ओळीत, जरा दाटीवाटीनं, "दोष नाही."
सिल्डा एप्रिलमध्ये बुडाली, पाच माणसांसकट.
बायका दारात उभ्या राहत, काही विचारत नसत.

पांढऱ्यावर काळं केलं की माणसं निश्चिंत होतात.
बाई म्हणाल्या, काळा असा रंगच नसतो बाटलीत,
ती असते गर्दी.

पहिल्या शब्दांतून सुईच्या टोकाएवढा कण,
शेवटच्या दोन शब्दांतून तेवढाच.
स्पिरिटच्या थेंबात विरघळवून
कागदाच्या पट्टीवर ठिपका. फुंकर. वाळला की पुन्हा ठिपका.
शेजारी ओळखीच्या शाया: गोदीची, विमा कचेरीची,
आणि टपाल कचेरीत साखळीनं बांधलेल्या टाकाची.
पट्टी बरणीत सोडली. ठिपके पाण्याच्या वर,
बुडाले असते तर सगळंच तळाला गेलं असतं.
झाकण लावलं.

मग काही करायचं नव्हतं.
पाणी कागदाच्या धाग्याधाग्यानं चढत होतं,
कुणी ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं.
ठिपक्यापाशी आलं आणि प्रत्येक रंगाला विचारलं, येतोस?
कागदाची ओढ ज्याला जास्त, तो दोन पावलांत बसला.
पाण्याची ज्याला जास्त, तो निघाला हात धरून.
पाण्याच्या पुढे मात्र कुणीच गेलं नाही.

मी पट्टी काढली, ओलीची हद्द
सुकण्याआधी पेन्सिलीनं आखली, मग पट्टी लावली मापाला.
पाणी दहा, जांभळा चार, निळा सहा, पिवळा नऊ.
"लांबी विसर," बाई म्हणाल्या, "भागाकार लक्षात ठेव.
हाच कागद, हेच पाणी, हीच ऊब असली
तर उद्याही तो दहातले चारच चालेल.
रंग डोळ्याला फसवील. चाल नाही फसवत."

"पंप तपासला": काळा जागचा हलला नाही,
एक फिकट निळा तेवढा वर गेला.
अगदी गोदीच्या बाटलीसारखं.
"दोष नाही": जांभळा, निळा, पिवळा.
चार, सहा, नऊ.
टपाल कचेरी.

म्हणजे कुणाची? मी विचारलं.
बाईंनी चष्मा पुसला. "अख्ख्या गावाची.
गावात कोण नाही बुडवत तो टाक?
कागद शाईशी शाई जुळवतो. हात त्याला दिसत नाही."
अहवालात त्यांनी एवढंच लिहिलं, दोन ओळी.
मला वाटलं, फारच कमी लिहिलं.

रविवारी घरी कपडे भिजत घातले होते.
आस्मुंदचा सदरा, गोदीत कारकुनीला घालायचा,
एक बाही टबाच्या काठावर राहिली होती,
मनगटापाशी शाईचा डाग, त्याच्या खालपर्यंतच पाणी.
सुती कापड. तेही पाणी वर ओढतं.

डागाशी जांभळा. त्याच्यावर निळा.
आणि अगदी वर, ओलीच्या कडेला टेकलेला,
पिवळा.

माझ्या एप्रनच्या खिशात मोजपट्टी होती.
स्वयंपाकघरातून आस्मुंद शीळ घालत होता, कॉफीचा वास येत होता.
टपालात तर तोही जातो, दर शुक्रवारी, सगळेच जातात.

मी बाही हातात धरून उभी राहिले.
पाणी अजून चढत होतं.